लहान खोलीचा पाया



घर वाढवायचे ठरले की आपल्याकडे हमखास ऐकू येते, "एकच तर खोली काढायचीय, पाया कशाला एवढा?" मिस्त्रीही मान डोलावतो. हातभर चर, थोडे सोलिंग, कोबा, विटांच्या भिंती, वर पत्रा. मग एक-दोन पावसाळ्यांत जुनी भिंत नवीला मिळते तिथे उभी भेग पडते आणि दार चौकटीत अडकू लागते. आजचे माझे बोलणे या समजुतीविरुद्ध आहे.

आपल्या देहूरोडची जमीन सगळीकडे सारखी नाही. घोरावडेश्वराच्या डोंगराकडे खणले की लवकर मुरूम लागतो, खाली कातळ. इंद्रायणी आणि पवनेच्या काठांकडे काळी माती खोल होत जाते. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फुगताना ती वरचे ओझे ढकलते. दुमजली घराचे वजन तिला बरेचसे दाबून धरते, पत्र्याच्या खोलीचे नाही. बांधकाम जितके हलके, तितके ते उचलले जाण्याचा धोका जास्त.

आपल्यातल्या काहींची मुले टोरांटोला, मिनियापोलिसला असतील. तिथे घरामागे एक खोली काढायची तर हाच पेच बर्फाच्या रूपाने येतो. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते, हे आपण शाळेत शिकलो. पण खरे नुकसान तेवढ्याने होत नाही. गाळवट मातीत गोठणरेषेवर बर्फाचे थर धरतात आणि वात तेल ओढते तसे खालचे पाणी वर ओढून जाड होत जातात. फरशी उचलली जाते. पुढे वसंतात बर्फ वितळला की खाली चिखल राहतो. म्हणून टोरांटोत पाया साधारण 1.2 मीटर, तर मिनेसोटाच्या उत्तर भागात 1.5 मीटर खोल नेतात.

दुसरा मार्ग मला फार आवडतो: जमीन गोठूच द्यायची नाही. फ्रँक लॉइड राइट यांनी 1937 साली मॅडिसनमध्ये बांधलेल्या जेकब्स घरात खोल पाया टाळून उथळ खडीवर स्लॅब टाकला आणि उबेचे नळ त्याच्याखालून नेले. पुढे स्कँडिनेव्हियात ही कल्पना रुजली. स्लॅबच्या कडेला उभे आणि जमिनीत बाहेरच्या बाजूला आडवे फोमचे तक्ते बसवतात. घराची ऊब मातीतच राहते आणि 40 सेंटिमीटरचा पायाही पुरू शकतो. मात्र खोली हिवाळाभर तापवलेली हवी. बंद ठेवलेल्या व्हरांड्याला हा हिशेब चालत नाही. तिथे स्लॅबखाली सलग फोम आणि निचऱ्याची खडी लागते.

तिथे ऊब सांभाळतात, आपल्याला ओल सांभाळायची आहे. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा सुमारे मीटरभर थर दाबून बसवण्याची पद्धत दिली. कालव्यांच्या अस्तराखाली ती वापरली गेली. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर बुंधा असलेले खांब रूढ केले. ते हलत्या थराच्या खाली जाऊन पकड घेतात.

एका खोलीसाठी आधी खड्डा घेऊन माती पाहा. काळी माती उथळ असेल तर ती काढून मुरूम थराथराने, पाणी मारून, धुम्मसाने ठोका. खोल असेल तर अभियंत्याला विचारा, तिथे अंदाज चालत नाही. मुरूम भरलेल्या खड्ड्याला निचरा ठेवला नाही तर त्यात पाणी साचते आणि भोवतीची काळी माती आणखी फुगते. नव्या पत्र्याच्या पागोळ्या जुन्या भिंतीच्या मुळाशी पडू देऊ नका. त्यांना पन्हळ लावा आणि जोत्याभोवती बाहेर उताराचा कोबा करा. नवी भिंत जुनीत दात धरून बांधू नका. मध्ये सुटा सांधा ठेवा आणि तो लवचीक भरणीने भरा, म्हणजे दोन्ही भिंती आपापल्या चालीने हलतील.

घर देहूरोड छावणीच्या हद्दीत असेल तर परवानगी खणण्याआधी घ्या. इथल्या दारूगोळा डेपोभोवतीचे निर्बंधही त्याच वेळी विचारा.

काम कधी काढायचे हेही महत्त्वाचे. मे महिन्यात तडकलेल्या मातीवर स्लॅब टाकला तर जूनमध्ये तीच माती त्याखाली फुगते. पावसाळा सरून चिखल आटला, पण ओल अजून टिकून आहे, अशा दिवाळीनंतरच्या दिवसांत मिस्त्रीला बोलवा.