दहावीनंतरचे कॉलेज : नाव बघावे की मूल बघावे?

(विहाराच्या वर्धापनदिनी पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही विहाराच्या अभ्यासिकेचे कार्यकर्ते. दहावीचा निकाल लागला की पेढे वाटायला आम्ही सगळ्यांत पुढे. पण आज एक चूक कबूल करायला उभे आहोत. काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतल्या एका मुलीला भरपूर मार्क पडले. घरचे म्हणत होते, जवळच्या कॉलेजात घालू. आम्हीच हट्ट धरला, "एवढे मार्क आहेत, मोठ्या नावाच्या कॉलेजातच जायचं." नंबर लागला. पोर मराठी माध्यमातली. तिथे तिचे इंग्रजी ऐकून मुले हसायची. आडनाव विचारून पुन्हा न बोलणारेही भेटले. डबा खायला सोबत कोणी नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती गेलीच नाही. "बाळा, आधी का नाही सांगितलंस?" विचारले, तर म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी पेढे वाटले होते ना!" पुढे ती दुसऱ्या कॉलेजातून बारावी झाली, पण तिचे एक वर्ष आमच्या हौसेपायी गेले.

मग मोठ्या कॉलेजात जाऊच नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. फर्ग्युसन 1885 चे, एस. पी. 1916 चे, वाडिया 1932 चे. पुण्यातल्या या कॉलेजांवर आपल्या मुलांचाही तेवढाच हक्क आहे. बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजात गेले. तिथल्या हॉटेलवाल्याने त्यांना चहा-पाणी दिले नाही, असे चरित्रकार सांगतात. पण त्याच कॉलेजात प्रा. म्युलर यांनी त्यांना पुस्तके दिली, कपडेही दिले. एकाच कॉलेजात अपमानही होता आणि आधारही. पुढे बाबासाहेबांनी स्वतः कॉलेजे काढली. मुंबईचे सिद्धार्थ 1946 साली आणि तेव्हाच्या औरंगाबादचे, पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेलेले, 1950 साली. मिलिंदच्या परिसरात वसतिगृहेही उभी राहिली. पोरगं शिकायचं तर त्याला राहायला जागा अन् बोलायला माणूस लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून ऑनलाइन अर्जात पसंतीक्रम भरण्याआधी मुलाला घेऊन कॉलेज बघून या. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, पारखून घ्या, हे तर भगवान बुद्धांनीच कालामांना सांगितले. तिथे तास खरोखर होतात, की हजेरी कागदावर आणि मुले क्लासमध्ये? प्रयोगशाळा उघडी असते का? फी नीट विचारा. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित तुकडीची फी वेगवेगळी असते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला ऑफिस मदत करते का? जात पडताळणीचे काम बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नका. बसला किती वेळ लागतो? आणि मुख्य म्हणजे, तिथे शिकणाऱ्या आपल्या दोन मुलांना गाठून विचारा, "तुला इथे कसं वाटतं?"

एक गोष्ट ध्यानात ठेवा. पहिल्या पसंतीचे कॉलेज लागले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकावे लागते. तेव्हा पहिले नाव शेजाऱ्याचे बघून लिहू नका. आपण माहिती द्यावी, खर्च सांगावा, पण शेवटचा शब्द मुलाचा असू द्यावा. तिथे रोज जायचे आहे ते त्याला.

आणि प्रवेश झाला म्हणजे आपले काम संपले नाही. मार्क किती पडले हे आपण विचारतोच. पहिले सहा महिने एवढेही विचारा, "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" उत्तर आले नाही, तर मुलाला घेऊन अभ्यासिकेत या. आम्ही कॉलेजात जाऊन प्राध्यापकांना भेटू, इंग्रजीसाठी सोबत बसू. पेढे त्यानंतर वाटू.

जयभीम!