दोन कानांचे ध्वनिमुद्रण आणि कृत्रिम डोके

माणसाच्या डोक्याएवढा पुतळा आणि त्याच्या दोन्ही कानांत एकेक मायक्रोफोन, एवढ्यावर द्विकर्णी ध्वनिमुद्रणाची कला उभी आहे. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर ०.६५ मिलिसेकंदांचा, पण मेंदूला दिशा ओळखायला तो पुरतो. उंच पट्टीचे आवाज डोक्याआड अडतात, म्हणून पलीकडच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात. पुढचे-मागचे आणि वरचे-खालचे मात्र बाहेरच्या कानाच्या वळणांवरून कळते.

१८८१ मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी रंगमंचावरचा ऑपेरा दोन कानांना दोन वेगळ्या टेलिफोनांतून ऐकवला. १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेच्या ‘ऑस्कर’ या पुतळ्याच्या कानांतून लोकांनी आवाज ऐकले. १९७३ मध्ये जर्मनीच्या नॉयमन कंपनीने आपले कृत्रिम डोके आणले. अशा डोक्यांची किंमत आज लाखांत जाते.

स्वस्तातले डोके घरी करता येते. विग ठेवायचे थर्माकोलचे डोके घ्यावे आणि त्यावर कागदाच्या लगद्याचे थर चढवून ते जड व टणक करावे. कापडदुकानातल्या पुतळ्याचे डोके पोकळ असल्याने घुमते, त्यात कापूस ठासावा लागतो. खरी मेहनत कानांवर घ्यावी. दाताचे माप घेण्याच्या पावडरीत जिवंत माणसाच्या कानाचा साचा घेऊन त्यात सिलिकॉन ओतले, की प्रत्येक वळण जसेच्या तसे उतरते. सपाट कान लावले तर समोरचा आवाज डोक्याच्या मागे गेल्यासारखा वाटतो. इलेक्ट्रेट मायक्रोफोनच्या बारीक कॅप्सूल थोड्या पैशांत मिळतात. पाच-सहा आणून, एकाच आवाजासमोर ठेवून सारखी जोडी निवडावी. या दोन कॅप्सूल कानांच्या छिद्रांच्या तोंडाशीच बसवाव्यात. आत खोल बसवल्या, तर ऐकणाऱ्याच्या कानाच्या नळीचा परिणाम दोनदा होतो. चाचणी सोपी आहे: एकाने आगपेटी खुळखुळवत डोक्याभोवती फिरावे, दुसऱ्याने हेडफोन लावून, डोळे मिटून दिशा सांगावी.

डोके तयार झाले, की मुद्रणासाठी विषय हवेत. गोंदिया जिल्ह्यात त्यांची वाण नाही. खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर, ढोलकी, तुणतुणे आणि मागून सूर धरणारे झीलकरी एकमेकांजवळ उभे असतात. साध्या मुद्रणात त्यांचा एकच गलका होतो. कृत्रिम डोके प्रेक्षकांत, बसलेल्या माणसाच्या उंचीवर ठेवले, तर ढोलकी डावीकडे, झीलकरी उजवीकडे आणि हसणारी मंडळी पाठीमागे राहते. डोके फडाच्या अगदी पुढ्यात नेण्याचा मोह टाळावा, कारण मागच्या लोकांचा प्रतिसाद हाही त्या खेळाचाच भाग आहे.

सारस पक्ष्यांच्या जोडीची साद तर या कलेची कसोटीच. नर एकदा लांब ओरडतो, मादी दोन तोकड्या सादांनी उत्तर देते. पहाटे धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर डोके रोवून माणसाने दूर व्हावे. पक्षी बिचकत नाहीत आणि मुद्रणात पावलांची खसखस येत नाही. घरट्याजवळ मात्र कधीही जाऊ नये. हलक्या वाऱ्यासाठी कानांवर लोकरीचे पातळ आवरण पुरते.

हे मुद्रण हेडफोनवरच ऐकावे. स्पीकरवर दोन्ही बाजूंचे आवाज दोन्ही कानांत शिरतात आणि दिशा विरून जाते. ऐकताना डावा-उजवा भाग उलटा लागलेला नाही, एवढे आधी तपासावे.