हंडा, समन्स आणि साक्षीदार

कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग तुमच्यावर न येवो. पण आलाच, तर काळ्या कोटातला एक गृहस्थ ‘सरकारतर्फे’ म्हणून उभा राहिलेला तुम्हांला दिसेल. बीड जिल्ह्यात मी हे काम केले. पुष्कळांना वाटते, हा फिर्यादीचा वकील. तसे नाही. पाणवठ्यावरून एखाद्या बाईला तिच्या जातीपायी हुसकून लावले, तर तो गुन्हा तिच्या एकटीचा उरत नाही. राज्य स्वतः फिर्याद चालवते.

घटनेच्या 17व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955 साली तिच्याविरुद्धचा कायदा आला. तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या कायद्यात एक फट होती. कोर्टाच्या परवानगीने तडजोड करता येत असे. आता खेड्यातली तडजोड कशी होते, हे मी तुम्हांला काय सांगू! पारावर चार वजनदार माणसे बसतात, आणि ज्याचे पोट दुसऱ्याच्या शेतावर, त्याने ‘झालं गेलं’ म्हणायचे. 1976 च्या दुरुस्तीने ही फट बुजवली आणि कायद्याला ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा त्याहून कडक.

जुन्या कायद्यातले बारावे कलम मला फार मोलाचे वाटते. कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे कोर्ट धरून चालते. तसे नव्हते, हे आरोपीने दाखवायचे. मनातला विटाळ साक्षीदाराने कुठून दाखवावा? पण कृत्य घडले, एवढे तरी आम्हांलाच शाबीत करावे लागते. त्याला साक्षीदार हवा. आणि आमचा साक्षीदार ऊसतोडीला गेलेला!

दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडची गावे कशी ओस पडतात, तुम्ही पाहताच. मुकादमाची उचल घेतलेली, नवराबायको मिळून एक कोयता, बैलगाडीत चूलबोळकी. समन्स येते तेव्हा दाराला कुलूप.

हापशावरच्या एका खटल्यात फिर्यादी बाई फडावरून रात्रभर एस.टी.त बसून आली. त्या दिवशी नुसती तारीख पडली. फडावर खाडा लागला तो निराळाच. साक्षीदाराला भत्ता मिळू शकतो, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. तिचा अर्ज मी लिहवून घेतला. खरे तर हे वकिलाचे काम नव्हे. पण दुसऱ्या तारखेला ती यावी, ही गरज माझीच होती.

ती आली. तिच्या आधी तिचाच शेजारी पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, “मी काही पाहिलं नाही.” फितूर झाला. त्याला मीच उलट प्रश्न विचारले. पण त्याचा राग काही मला आला नाही. त्याची त्या सालची उचल आरोपीच्या भावाकडून आली होती. तडजोड कायद्यातून गेली खरी, ती अशी उचलीच्या वाटेने परत येते.

बाई एवढेच बोलली, “हंडा भरला होता. त्यांनी उपडा केला.” अर्धा तास उलटतपास झाला, तरी त्यातला शब्द तिने बदलला नाही.

आरोपीला एक महिन्याची कैद आणि दंड झाला. निकालाच्या दिवशी ती फडावरच होती. गावाकडे निघालेल्या एका टोळीबरोबर नव्हे, तर कारखान्याच्या चिठ्ठीवाल्याकरवी मी तिला निरोप धाडला.