गळ्यातील ग्रंथी आणि रक्तातील मेद
(दीपनगर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



भट्टी मंदावली म्हणजे कोळसा पडून राहतो, हे वीज केंद्राच्या या वसाहतीत आम्ही सांगावयास नको. गळ्याच्या पुढील बाजूस असलेल्या थायरॉइड ग्रंथीचा रस कमी पडला म्हणजे देहाचेही तसेच होते. यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल पुरेसे उचलीत नाही आणि ते साचत जाते.

हा विषय घेण्यास कारण आहे. या ग्रंथीच्या कर्करोगात पुष्कळदा ती संपूर्ण काढावी लागते. पुढे गरजेप्रमाणे किरणोत्सर्गी आयोडीन देतात. मुंबईस परळ येथे १९६३ साली स्थापन झालेले रेडिएशन मेडिसिन सेंटर या उपचारासाठी प्रसिद्ध आहे. वेळीच उपचार झाल्यास या रोगाचे बहुतेक रुग्ण बरे होतात. परंतु घरी परतल्यावर एखाद्या तपासणीत कोलेस्टेरॉल वाढलेले दिसते आणि घरात दोन तर्क निघतात: भरितावरचे तेल बाधले, किंवा रोग उलटला.

दोन्ही तर्क घाईचे होत. तेलाचा अतिरेक टाळावाच; परंतु ग्रंथी गेल्यावर तिचे काम थायरॉक्सिनची गोळी करते, हे विसरू नये. गोळी चुकली, अपुरी पडली, अथवा आयोडीन देण्यापूर्वी डॉक्टरांनीच तीन-चार आठवडे थांबविली, तर मेद वाढतो. योग्य प्रमाणात सुरू झाली की बहुधा उतरतो. म्हणून अशा वेळी टीएसएचची तपासणी आधी पाहावी.

मेद वाढल्याने हा कर्करोग होतो काय, असेही आम्हांस विचारतात. काही अभ्यासांत दोहोंचा संबंध आढळला, काहींत नाही. मेद हे कारण म्हणून सिद्ध झालेले नाही. तेव्हा मेदाच्या अहवालावरून कर्करोगाचे भय धरू नये, आणि अहवाल चांगला आला म्हणून गळ्यातील गाठीकडे दुर्लक्षही करू नये. गाठीचा निर्णय सोनोग्राफी व सुईने काढलेल्या पेशींच्या तपासणीवरून करावयाचा असतो.

हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो, आणि आपल्या घरांत स्त्रीच्या दुखण्याची चौकशी सर्वांच्या शेवटी होते. पहाटे सर्वांचा चहा ठेवणाऱ्या माउलीने आधी आपली गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी. अर्धा ते एक तासाने चहा, आणि कॅल्शियम वा लोहाची गोळी चार तासांनंतर. तेवढा वेळ चहा दुसऱ्या कोणी करावा, एवढीच आमची घरातील कर्त्या मंडळींस हात जोडून विनंती आहे.