आधी मुलांना विचारा



दहावीचा निकाल पाहायला काय लागतं? बैठक क्रमांक आणि आईचं नाव. एवढं भरलं की कुणाचेही गुण कुणालाही दिसतात. आणि ज्या हॉल तिकिटावर या दोन्ही गोष्टी छापलेल्या असतात, त्याचा फोटो परीक्षेच्या आदल्या रात्री कितीतरी घरांतून ‘बेस्ट लक बाळा’ म्हणून स्टेटसला लागतो. मुलगी स्वतःचे गणिताचे गुण बघून सावरायच्या आत ते चार घरांत पोचलेले असतात. मग क्लासचा फ्लेक्स लागतो: फोटो, पूर्ण नाव, शाळा, टक्के. तोच फ्लेक्स क्लासच्या फेसबुक पानावर चढतो आणि चौकातला उतरला तरी तिथला उतरत नाही. या सगळ्यात त्या मुलीला ‘लावू का?’ असं कुणी विचारलेलं नसतं.

संयोजकांनी मला तरुणांच्या डिजिटल जागरूकतेवर बोलायला सांगितलं आहे. तरुणांबद्दलच बोलणार आहे, पण सुरुवात आपल्यापासून करावी लागेल. मुलाच्या नावावर इंटरनेटवर जे साठत जातं, त्यातलं बरंचसं त्याने टाकलेलं नसतं. बारशाचा फोटो, पहिल्या वाढदिवसाचा केक, गणवेशातला शाळेचा पहिला दिवस, सोसायटीच्या ग्रुपवरचं अभिनंदन. मूल स्वतःचं पहिलं खातं उघडतं तेव्हा त्याची जन्मतारीख, शाळा, आजोळ, भावंडं, कुत्र्याचं नावसुद्धा तिथे आधीच हजर असतं. आणि पासवर्ड विसरल्यावर विचारले जाणारे प्रश्न आठवा. पहिली शाळा कोणती, पाळीव प्राण्याचं नाव काय, आईचं माहेरचं आडनाव काय. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नावही लागतं. हा निर्णय मला मनापासून आवडला. पण जे नाव अभिमानाने सगळीकडे लिहायचं, ते गुपित म्हणून वापरायचं नाही, एवढं आपल्याला आता कळायला हवं.

यावर कुणी म्हणतं, ‘त्यात काय एवढं? जन्मतारीख तर सगळ्यांनाच माहीत असते.’ त्यांच्यासाठी मी अमेरिकेतला एक जुना प्रसंग नेहमी सांगते. १९९०च्या दशकात मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय नोंदी संशोधनासाठी खुल्या केल्या. नावं, पत्ते काढून टाकले होते, त्यामुळे कुणाची ओळख पटणार नाही असं सांगितलं गेलं. लॅटान्या स्वीनी नावाच्या एका संशोधक विद्यार्थिनीने वीस डॉलर देऊन केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड केंब्रिजलाच राहत. त्यांच्या जन्मतारखेचे मतदार निघाले सहा. त्यांतले पुरुष तीन. वेल्ड यांच्या पिनकोडात राहणारा त्यांतला एकच. नोंद सापडली. पुढे याच स्वीनी यांनी दाखवलं, की जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली अंदाजे ८७ टक्के माणसं वेगळी ओळखता येऊ शकतात. आपल्याकडे एका पिनकोडात वस्ती दाट असते, तेव्हा तो आकडा इथे जसाच्या तसा लावू नका. पद्धत मात्र तीच लागू होते. एकेकटी माहिती किरकोळ असते, ती एकमेकींना जोडली की माणूस उभा राहतो. मुलांना शिकवायचं ते हे जोडणं.

आणि ते शिकवता येतं. शाळेत गेले की मी एखाद्या शिक्षकांना त्यांच्याच फोनवर वर्गाच्या खिडकीचा फोटो काढायला सांगते आणि गॅलरीत त्या फोटोचा तपशील मुलांसमोर उघडायला लावते. तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, फोनचं मॉडेल. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर खाली नकाशा आणि नकाशावर आपली शाळा. वर्गात एकदम कालवा होतो. मग मी सांगते, की व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ही ठिकाणाची नोंद त्यातून गळते, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल नोंदीसकट जाते. आठवीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, ‘मग क्लॅरिटी जाऊ नये म्हणून डॉक्युमेंट करून पाठव असं बाबा सांगतात, ते?’ तिने स्वतःहून जोडलं. भीती घालून हे साधलं नसतं.

भीतीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर प्रश्न विचारला, तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट लाइक केली. दोघींना अटक झाली. एकीला तर फक्त लाइकसाठी! पुढे ते प्रकरण बंद झालं. ज्या कलमाखाली कारवाई झाली, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. कायद्याने आपली चूक दुरुस्त केली. पण तेव्हा आपल्या घराघरांतून मुलींना काय सांगितलं गेलं? ‘काही लिहू नकोस. काही लाइक करू नकोस. हवाच कशाला तो फोन?’ न्यायालयाने मोकळं केलेलं तोंड आपण घरात बंद केलं, आणि त्याला जागरूकता म्हटलं.

त्याची किंमत नंतर मोजावी लागते. कुणी एखाद्या मुलीला तिच्या फोटोवरून धमकावायला लागतं, तेव्हा तिला दोन भीती असतात, फोटो पसरण्याची आणि घरी कळलं तर फोन व कॉलेज दोन्ही बंद होण्याची. दुसरी भीती मोठी ठरली की ती गप्प बसते, आणि धमकावणाऱ्याला तेच हवं असतं. खरं तर करण्यासारखं बरंच असतं. केंद्राच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. लहान मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, पैसे गेले असतील तर १९३०. अठरा वर्षांखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ ही सेवा आहे, अठरावरच्यांसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’. यांत फोटो कुणालाही पाठवावा लागत नाही. त्या फोटोपासून आपल्याच फोनवर एक सांकेतिक क्रमांक तयार होतो, तेवढाच पुढे जातो, आणि सहभागी कंपन्या त्याच्याशी जुळणारं चित्र शोधून आपापल्या व्यासपीठावरून हटवू शकतात. हे सगळं वेळेत व्हायला हवं, आणि वेळेत व्हायचं तर मुलीने पहिल्या संध्याकाळी घरी सांगायला हवं. आपण काय म्हणू याची तिला खात्री असेल, तरच ती सांगेल.

कायद्याचं दोन शब्दांत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं. त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला कंपनीला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. चांगलं आहे. पण संमती पालकांची. सतरा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या माहितीबद्दल स्वतंत्र शब्द नाही. आणि कुणी वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी माहिती वापरत असेल, तर तिथे हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे आत्याने टाकलेल्या आंघोळीच्या फोटोला हा कायदा नाही. तिथे फक्त आपण आहोत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मुलाचा फोटो टाकण्याआधी त्याला दाखवा आणि विचारा. पाच वर्षांच्या मुलालाही विचारा, आणि तो ‘नको’ म्हणाला तर टाकू नका, आजीला कितीही आवडला असला तरी. ज्या मुलाचं ‘नको’ घरात चालतं, त्याला परक्या माणसाला, दुकानदाराला, ॲपला ‘हे तुम्हाला कशाला हवं?’ असं विचारणं जड जात नाही. बिलाच्या काउंटरवर आपणच विचार न करता दहा आकडे सांगून मोकळे होतो, आणि शेजारी उभं मूल ते पाहत असतं. पुढच्या वेळी तिथे विचारा, नंबर न देता बिल मिळेल का. बहुतेक वेळा मिळतं.

क्लासचालकांना आणि मुख्याध्यापकांना वेगळी विनंती. या निकालानंतर फ्लेक्स करण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतःची सही घ्या, आणि फॉर्मवर ‘नाही’चाही रकाना ठेवा. कौतुक नको असलेलं एखादं मूल निघेल. त्याला पेढा द्या.

बाहेर पोर्चमध्ये तीन टेबलांवर कॉलेजचे विद्यार्थी बसले आहेत. तुमचा प्रोफाइल फोटो कुणाला दिसतो, कॅमेऱ्याला लोकेशन कशाला दिलंय, कोणत्या ॲपने तुमचे सगळे नंबर घेतलेत, हे ते तुमच्याच फोनवर दाखवतील. फोन तुमच्याच हातात राहील, बटणं तुम्हीच दाबायची आहेत. नातवंडांना बरोबर घेऊन आला असाल तर त्यांनाही टेबलापाशी उभं करा. प्रश्न ज्यांना इथेच विचारायचे असतील, त्यांनी हात वर करावेत.