उतारवयात शिडाची होडी
(हिंजवडी येथील ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



आपल्या वाडवडिलांनी समुद्रावर शीड उभारले. आपण हिंजवडीच्या कचेऱ्यांत संगणकापुढे दिवस काढतो. मग सुट्टीत गावी गेल्यावर साठीचा गृहस्थ होडीत पाय ठेवावयास कचरतो. यात वयापेक्षा बैठकीचा दोष अधिक.

कमांडर दिलीप दोंदे यांनी २०१० साली शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. असे करणारे ते पहिले भारतीय. फ्रान्सचे जाँ-ल्यूक व्हॅन डेन हीड यांनी तर २०१९ साली, वयाच्या ७३व्या वर्षी, एकट्याने प्रदक्षिणेची शर्यत जिंकली. वाटेत डोलकाठी दुखावली, तेव्हा भर समुद्रात तिच्यावर चढून त्यांनी ती सावरली.

होडीवर पैलवानी बळापेक्षा तोल, मूठ व मांड्या शाबूत लागतात. म्हणून रोज हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे. भिंतीजवळ एका पायावर उभे राहावे. दोर ओढण्याचा सराव ठेवावा. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, यास्तव उन्हात आठवणीने पाणी प्यावे. औषधाने चक्कर येत असल्यास डॉक्टरांस विचारूनच निघावे. पट्टीच्या पोहणाऱ्यानेही लाइफ जॅकेट घालावे.

सुकाणू पुढील पिढीच्या हाती द्यावयाचे आहेच. परंतु ते धरावयास शिकविण्यासाठी आपण होडीत असले पाहिजे.