लेण्यांवरील अक्षरे आणि आपला वारसा
(पोफळी, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी येथील भाषण)



ज्या पोफळीत आपण आज जमलो आहोत, तेथे १९६०च्या दशकात सह्याद्रीचा पाषाण आतून कोरून कोयनेच्या पाण्यावर चालणारे वीजगृह उभारण्यात आले. याच सह्याद्रीचा पाषाण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही कोरला जात होता; तो भिक्खूंच्या निवासासाठी. ती लेणी कोणी कोरविली, असे विचारले असता आपले वाडवडील काय सांगत? पांडवांनी, एका रात्रीत! नाशिकच्या लेण्यांना तर आजही ‘पांडवलेणी’ असेच म्हणतात.

आता त्या भिंती स्वतः काय सांगतात ते ऐका. नाशिकच्या आठव्या लेण्यातील लेख सांगतो की, हे लेणे मुगुदास नावाच्या मच्छीमाराने सहपरिवार दान दिले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका लेखात सामी नावाच्या सुताराचे नाव आहे. रायगड जिल्ह्यातील कुडा लेण्यांत एका माळ्याचे दान आहे, आणि कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याचेही आहे. ज्या कऱ्हाडाहून कुंभार्ली घाट उतरून माणूस आपल्या पोफळीस येतो, तेच हे कऱ्हाड!

हे लेख कोणी दडवून ठेवले होते काय? मुळीच नाही. ते शतकानुशतके उघड्यावर होते. परंतु ब्राह्मी लिपी वाचणारा कोणी उरला नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा भिंती बोलू लागल्या. तोपर्यंत मच्छीमाराचे, सुताराचे, माळ्याचे दान पांडवांच्या नावावर जमा होते. वकिलीच्या धंद्यात हा प्रकार नवा नाही. खरेदीखत घरच्या पेटीत असते. पण ते वाचता येत नाही, म्हणून दुसरा सांगेल ते खरे मानावे लागते. जे एका घराचे, तेच एका राष्ट्राचे.

मग निरक्षर मनुष्य संस्कृतिहीन असतो काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. जात्यावरच्या ओव्या आपल्या आज्यांनी अक्षराविना जतन केल्या. खुद्द भगवान बुद्धांचा उपदेशही कित्येक शतके मुखोद्गतच होता. परंतु दुष्काळ आणि युद्ध यांमुळे तो कंठस्थ असलेले भिक्खू नाहीसे होतील, अशी भीती निर्माण झाली, तेव्हा इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत तो लिहून काढण्यात आला. कंठातला वारसा कंठाबरोबर जातो. लिहिलेला मागे राहतो.

आपल्या संविधानाने हे ओळखले आहे. ज्यांना स्वतःची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती आहे, त्यांना ती जतन करण्याचा हक्क अनुच्छेद २९ने दिला आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अनुच्छेद २१-क देतो. पहिला हक्क दुसऱ्यावाचून पांगळा आहे. संरक्षित स्मारकांची नासधूस करणाऱ्यास १९५८च्या कायद्यान्वये शिक्षा होते. २०१०च्या दुरुस्तीनंतर ती दोन वर्षांपर्यंत कारावासाची असू शकते. पण कायदा दगडाचे रक्षण करील. दगडावरील अर्थाचे रक्षण वाचणारा मनुष्यच करू शकतो.

येथे एक इशारा देणे मी कर्तव्य समजतो. एक दंतकथा काढून तिच्या जागी आपण दुसरी बसवू नये. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाजी येथे २९ लेणी आहेत. त्यांचा आरंभ बौद्धांनी केला. पुढे तेथे गाणपत्य आणि नाथपंथीयही नांदले. जे आहे ते सर्व वाचावे, आणि जेवढे आपले तेवढेच आपले म्हणावे. सत्यास भिणे हे बुद्धाच्या अनुयायास शोभत नाही.

तेव्हा माझे आपणांस तीन गोष्टींचे आवाहन आहे. घरातील एकही मुलगी वा मुलगा शाळेबाहेर राहू देऊ नका. मुलांना लेण्यांवर न्या आणि ब्राह्मीची चार अक्षरे तरी ओळखावयास शिकवा. ‘लेण’ हा शब्द त्या लेखांतही आहे आणि आपल्या बोलीतही आहे, हे त्यांना दिसू द्या. तिसरी गोष्ट आजच करण्यासारखी आहे. १९५६ची धम्मदीक्षा ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, असे वृद्ध आता थोडेच उरले आहेत. त्यांच्या आठवणी, त्यांची गाणी, त्यांची नावे वहीत उतरवून घ्या, आणि खाली तारीख घाला.

मुगुदासाने आपले नाव दगडावर कोरविले, म्हणून आज आपण त्यास ओळखतो. आपल्या आईबापांना पुढच्या पिढीने ओळखावे, यासाठी आपल्या हाती लेखणी आहे.

जय भीम.